वैशीच्या दुधाची चौकशी

आमची वैशी दीड वर्षाची असताना तिने माझ्या हातचं दूध प्यायला नकार दिला, आणि मी म्हशीवर, टँकरवर, बायकोवर आणि सख्ख्या आईवर, याच क्रमाने, संशय घेतला.

यांच्यापैकी कुणाचाही काही दोष नव्हता. (म्हशीची मी नंतर माफी मागितली. तिने कान हलवला, पण तो माशीमुळेही असू शकेल.)

मी तेव्हा गावातल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे हिशेब, मापं, नमुने, झाडलोट आणि चेअरमन आले की खुर्ची पुसणं, एवढी सगळी खाती माझ्याकडेच. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहत आणि मी दुधातलं पाणी पकडणारी, डिग्री मोजायची काच त्यांच्या किटलीत बुडवून त्यांच्याकडे अशा नजरेने बघत असे, की शुद्ध दूध आणणाऱ्यालाही घाम फुटावा! संशय हा माझा धंदाच होता. तो संध्याकाळी संस्थेतच ठेवून घरी यायला हवं होतं. मी सोबत घेऊन यायचो.

झालं असं, की अंगणवाडीच्या बाईंनी वैशीचं वजन केलं आणि कार्डाकडे बघत म्हणाल्या, "सेक्रेटरी, वजनात पार काठावर हाय पोरगी. अख्ख्या गावाचं दूध मोजता, हिच्या पोटात किती जातंय ते मोजलं का कधी?"

पाच-सहा बायका तिथे होत्या. सगळ्या हसल्या. मी घरी आलो तो जाहीरनामा घेऊनच.

"आजपासून वैशीला दूध मी पाजणार! सकाळी संस्था सुटली की एकदा आन् संध्याकाळी एकदा. मधी कुणी एक घोट पाजायचा न्हाई. काम शिस्तीत झालं पायजे."

माझी बायको सुरेखा काहीतरी बोलणार होती. आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं. मला वाटलं, माझ्या शिस्तीचा धाक बसला.

पहिल्या दिवशी मी संस्थेतून तडक आलो, वैशीला मांडीवर घेतलं आणि कप तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ असे मिटले, की जणू बँकेचं शटर! मग मान फिरवली. मग आख्खी फिरली. मी "चिऊ आली, काऊ आला" म्हणालो. तिने चिऊ-काऊ बघून घेतले आणि तोंड पुन्हा बंद केलं. मी वाटी-चमचा आणला. चमचा माझ्या कानात गेला. तो कसा गेला हे मला अजून सांगता येत नाही.

आठवडाभर हेच. मी समोर आलो की ही मान फिरवायची. शेवटी मी ठरवलं, दुधातच खोट आहे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आमची म्हैस गावाबाहेरच्या छावणीत बांधलेली. चारा म्हणून दिवसाआड उसाची मोळी. मला वाटलं, उसामुळे दुधाची चव बदलली असणार. छावणीत जाऊन मी दूध काढल्या-काढल्या तपासलं. डिग्री बरोबर! चाखून बघितलं. चव बरोबर! मग म्हशीच्या डोळ्यांत रोखून बघत उभा राहिलो. शेजारच्या दावणीचा म्हातारा म्हणाला, "दिगंबरराव, काय इचारायलात तिला?"

"काय न्हाई, पोरगी दूध पीत न्हाई."

"मग म्हशीला कावून दम देता? तिनं तर दिलंय!"

म्हैस निर्दोष सुटली. आता टँकर. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि त्या पाण्याला औषधाचा वास असायचा. त्या पाण्याने भांडी धुतली, तर दुधाला वास लागणारच! मी वैशीचा कप धुवायलाच बंदी केली, तो नुसता फडक्याने पुसायचा. (पाण्याच्या बाबतीत मी घरात आदर्श होतो. बायका-पोरांना पाणी पुरावं म्हणून मी स्वतःची आंघोळ टँकरच्या दिवसावर नेली होती, आणि हा त्याग मी संस्थेच्या रांगेत रोज दोघा-तिघांना ऐकवत असे.) तरी वैशी पिईना.

आणि मग पुढच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाईंनी पुन्हा वजन केलं.

"अवो सेक्रेटरी, दूध पीत न्हाई म्हंता, आन् पोरगी तर फुगायलीय! चांगली भरलीय की!"

बाई खूश. सुरेखा खूश. आई खूश. मी मात्र काट्याखाली वाकून बघितलं, कुणी पाय तर लावला नाही ना.

म्हणजे पोरगी पीत होती! पण माझ्या हातून नाही. मग कुणाच्या? कुठे? आणि माझ्यापासून लपवून कशाला? माझ्यातला सेक्रेटरी खडबडून जागा झाला.

आता मला घरातलं एकेक दिसायला लागलं. मी आत आलो की सासू-सुनेची कुजबुज बंद व्हायची. दुपारपर्यंत पातेल्यातलं दूध दोन बोटं खाली जायचं. एकदा मी विचारलं, "मांजर आलतं काय?" तर सुरेखा म्हणाली "हो," आणि आई त्याच क्षणी म्हणाली "न्हाई!"

त्यांचं माझ्याशी वागणंही विचित्र झालं होतं. मी घरात पाऊल टाकलं की आई माझ्या जवळून दोनदा जायची आणि मोठा श्वास घ्यायची. सुरेखा माझे खिसे तपासायची. दोन्ही वेळच्या जेवणात ताक. न मागता लिंबू. एके संध्याकाळी आई म्हणाली, "दिगा, तुला कसलं दुःख हाय का रं? आसंल तर सांग बाबा. मी मेले न्हाई अजून."

"मला कसलं दुःख? तुमीच सांगा, दूध कुठं जातंय!"

आईने पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हणालो, गुन्हेगार रडूनच विषय बदलतात.

शेवटी मी पाळत ठेवायचं ठरवलं. दुपारी बीडला जातो म्हणून निघालो, एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेलो, मागच्या बोळातून परत आलो आणि आमच्या पत्र्याच्या न्हाणीत लपलो. पाणीच नसल्यामुळे तिकडे कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळे जागा सुरक्षित. फक्त एवढंच, की बीडच्या उन्हात बंद पत्र्याच्या न्हाणीत माणूस भाकरीसारखा दोन्ही बाजूंनी भाजतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अर्ध्या तासात मी शर्टासकट उकडलो. पण पत्र्याच्या भोकाला लावलेला डोळा मी हलवला नाही.

आणि दिसलं! आई बाहेर आली. कडेवर वैशी. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मागे सुरेखा, हातात कप. दोघींनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि शेजारच्या शकीलाभाबींच्या अंगणात शिरल्या.

मी "सापडलात!" असं ओरडून बाहेर झेप घेतली. झेप चांगलीच होती, पण पाय रिकाम्या बादलीत गेला. त्यामुळे शकीलाभाबींच्या दारात मी पोहोचलो तो एका पायात चप्पल, एका पायात बादली आणि अंगातून घामाच्या धारा अशा थाटात.

समोर काय बघतो? बाजेवर वैशी बसलेली, कप दोन्ही हातांत, आणि दूध गटागटा पितेय! मधूनच थांबून ओठावरची साय चाटतेय! शकीलाभाबी तिला वारा घालतायत.

वैशीने मला बघितलं आणि शटर बंद.

"हे काय चाललंय? सख्ख्या बापापासून चोरून? मी हिला महिनाभर विनवण्या करायलोय, आन् तुमी...!"

सुरेखा खाली बघू लागली. आई वर बघू लागली. शेवटी शकीलाभाबी पंखा खाली ठेवून म्हणाल्या, "दिगूभाई, बुरा नक्को मानो. एक बात पुछूं? सच्ची बोलना. कबसे पीने लगे तुम?"

"पितोय कुठं? इथं पोरगी पीत न्हाई म्हणून तर..."

"दूध नै भाई. दारू!"

मी बादलीसकट खाली बसलो.

आता सुरेखाला कंठ फुटला. "आवं, रोज संस्थेतनं येता तवा अंगाला वास येतोय! आंबट, उग्र, डोक्यात जाणारा. पोरगी काय खुळी हाय का? तिला नाक न्हाई का? तुमी जवळ घेतलं की तिचा जीव गुदमरायलाय. आमी पाजलं की पीती, पण घरात पाजायची तुमी बंदी केलती. मग काय, पोर उपाशी ठिवू?"

"आन् मला एका शब्दानं कावून न्हाई बोललीस?"

"मी बोलणार होते, आत्याबाई न्हाई म्हणल्या. म्हणल्या, पिणाऱ्याला तोंडावर बोललं की आजून पितो."

आई पदराआडून म्हणाली, "मी तर देवीला नवस बोललेय रं दिगा. तुझी सुटू दे म्हणून एकच वेळ जेवायलेय."

जी सुरूच झाली नव्हती ती सुटावी म्हणून माझी आई महिनाभर एक वेळ जेवत होती! मला रागही येईना आणि हसूही येईना. मग एकदम डोक्यात उजेड पडला. फॅट!

दुधातली फॅट काढताना, म्हणजे त्यात स्निग्धांश किती ते मोजताना, काचेच्या नळीत ॲसिड घालावं लागतं, दूध घालावं लागतं आणि एका बाटलीतलं उग्र वासाचं औषध घालावं लागतं. सकाळ-संध्याकाळ ते शर्टावर सांडायचं, वर दूध सांडायचं, ते आंबायचं, आणि आंघोळ चौथ्या दिवशी! मला त्या वासाची इतकी सवय झाली होती, की तो मला येतच नव्हता.

"चला संस्थेत! सगळ्यांनी चला! आत्ताच्या आत्ता पुरावा दाखवतो!"

पुरावा लगेच दाखवायची घाई माणसाने कधी करू नये. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. किटल्यांची रांग लागलेली. त्या रांगेसमोरून मी, माझी आई, बायको, शकीलाभाबी आणि त्यांच्या कडेवर वैशी, अशी वरात आत गेली. मी कपाट उघडलं, बाटली काढली आणि विजयी मुद्रेने आईच्या नाकाखाली धरली.

आई किंचाळली, "हाच! हाच वास! आगं सुरेखा, हितं ठिवतोय बाटली!"

"आई, ही तसली न्हाई..."

रांगेतला एक शिकलेला माणूस (गावात एक तरी असतोच!) पुढे आला आणि त्याने बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. "अल्कोहोल."

सगळी रांग आत घुसली. "सेक्रेटरी सरकारी पैशानं पितोय!" "तरीच डिग्री वाचताना डोळे बारीक करतो!" एक म्हातारा तर म्हणाला, "आरं, ह्यो आपल्या दुधाला दारू पाजतोय, मग फॅट कशी लागंल!"

मी घसा फोडून सांगत होतो, की हे नळीत घालायचं असतं, पोटात नाही. तेवढ्यात चेअरमन आले. हे गृहस्थ संस्थेत फक्त सभेला आणि फोटोला यायचे, त्यामुळे फॅट कशी काढतात हे त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांनी बाटली बघितली, माझा घामाने थबथबलेला अवतार बघितला (बादली मी वाटेत काढली होती, पण चप्पल एकच होती) आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "दिगंबर, होतं माणसाचं असं. पण संस्थेत नको."

मग मी रांगेतल्या पहिल्या किटलीचं दूध घेतलं आणि सगळ्यांसमोर फॅट काढून दाखवली. ॲसिड, दूध, औषध. नळी गरम झाली, वास सुटला, पहिल्या रांगेने नाकं धरली. चेअरमन दोन पावलं मागे सरकले आणि "मला माहीतच होतं," असं म्हणून निघून गेले. आईने माझा शर्ट हुंगला, नळी हुंगली, पुन्हा शर्ट हुंगला आणि तिथेच भिंतीला टेकून हसायला लागली. हसता-हसता तिचे डोळे भरून आले. "देवा, पोरगं नुसतं घाण हाय गं! बिघडलेलं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आईने पहिल्या दोन घागरी माझ्यासाठी काढून ठेवल्या, सुरेखाने नेकनूरच्या बाजारातून आणलेला वासाचा साबण दिला. मी असा खसाखसा घासून निघालो, की अंगाचा रंग एक-दोन छटांनी उजळला. पांढरा शर्ट घातला, भांग पाडला आणि कप घेऊन वैशीसमोर बसलो.

तिने मला नीट निरखलं. नाक पुढे केलं. हुंगलं. मग चक्क तोंड उघडलं! अर्धा कप एका दमात! माझा ऊर भरून आला. तिने माझ्या गालाला हात लावला आणि गोड आवाजात म्हणाली, "काका."

घरी कुणी स्वच्छ कपड्यातला पाहुणा आला की ती त्याला काका म्हणायची.

आईला राहवलं नाही. ती लगबगीने म्हणाली, "आगं काका कशाचा, बाबा हाय त्यो तुझा! बाबा!"

वैशीने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि कप बाजूला सारला.

पोरीचं वजन महत्त्वाचं होतं. त्यामुळे पुढचा महिनाभर, सकाळ-संध्याकाळ, मी माझ्याच घरी काका म्हणून येत-जात राहिलो.