शूर्पणखेची नखं

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत ललिताबाईंची नोकरी वर्ष झालं तरी कच्चीच होती. जानेवारीअखेर हेडमास्तर मोरोपंत बोर्डाकडे रिपोर्ट धाडणार आणि मग ती पक्की होणार, असं ठरलं होतं. साल एकसष्ट. घरात कमावती ती एकटी. आई चतुराबाई उभा जन्म मजुरी करून थकलेली. म्हणून त्या महिन्यात ललिता कुणाच्याही बोलण्याला नाही म्हणत नव्हती, आणि तिथंच तिचं चुकलं.

स्नेहसंमेलनात शिक्षकांचं रामायण बसलं. सीता ताराबाई, हे न विचारताच ठरलं. शूर्पणखा कोण? सगळ्यांच्या माना एकदम ललिताकडे वळल्या. ललिता "बरं" म्हणाली.

"सुपासारखी नखं ती शूर्पणखा. नखं झोकात पाहिजेत!" मोरोपंतांनी फर्मावलं.

चित्रकलेच्या बंडू मास्तरने बांबूच्या कमट्या तासून चार-चार बोटं लांब नखं केली. शाईचा काळा रंग घामाने ओघळतो, म्हणून त्याने धोबी कपड्यावर खुणा घालतात तो बिबा आणला, तापवून त्याचं तेल काढलं आणि नखं काळीकुट्ट रंगवली. मग डिंकाने ती ललिताच्या बोटांवर चिकटवली, वरून दोऱ्याने आवळली. दोन तास ललिता रंगमंचावर थयथयाट करत होती. टाळ्या तिलाच जास्त पडल्या.

दुसऱ्या दिवशी बोटं खाजू लागली. तिसऱ्या दिवशी नखांच्या कडेने पाण्याचे फोड आले, बोटं सुजून गाजरासारखी झाली. चुकून डोळा चोळला, तर पापणीही फुगून बंद झाली. तशीच ती शाळेत गेली. ताराबाईंनी पदर सावरत खुर्ची लांब ओढली आणि दुपारच्या आत मोरोपंतांचं बोलावणं आलं.

"बाई, हा त्वचारोग दिसतो. मुलींना लागला तर? तुम्ही घरी बसा. मला रिपोर्टात तसं लिहावं लागेल."

"गुरुजी, नखं लावल्यावरच झालं हे."

"तीच नखं बंडू मास्तरांनी हाताळली. त्यांना कुठं काय झालं? तुमच्याकडचंच काही असेल."

तुमच्याकडचंच! ललिता घरी आली ती फणफणतच. चतुराबाईने तिचे हात उजेडात धरून पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अव माय, हा तं बिबा उतला! मेळघाटाच्या बाजूनं बिबे फोडाले जायची मी, तवा माह्यं तोंड असंच भोपळ्यावानी सुजलं होतं. खाजवू नको, डोळ्याले बोट लावू नको, गरम पाणी घेऊ नको."

तिने तीळ आणि खोबरं वाटून त्याचा लेप बोटांवर थापला. आग थोडी थांबली. ललिताच्या मनातली मात्र थांबेना. बिब्याच्या तेलाने फोड येऊन उतलेला माणूस वऱ्हाडातलं कुणीही जुनंजाणतं ओळखतं. मग शाळेतल्या इतक्या शिकल्यासवरल्यांना ओळखू येऊ नये?

सकाळी ती आईला घेऊन थेट मोरोपंतांच्या खोलीत शिरली. टेबलावर रिपोर्टाचा कागद होता, त्यावर "त्वचारोग" लिहून झालं होतं.

"बंडू मास्तरला बोलवा, गुरुजी."

बंडू मास्तर आला. माणूस तसा भला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"तुमचे हात दाखवा," ललिता म्हणाली. हात स्वच्छ होते. "कसे राहिले चांगले?"

"बिब्याचं काम होतं न जी. अगोदरच खोबरेल चोपडलं होतं. नाईतर उतते तो."

"मग मले काहून नाई सांगतलं?" शाळेत जपून बोलायची तिची भाषा रागाच्या भरात गळून पडली.

बंडू मास्तरने डोकं खाजवलं. "मले वाटलं, तुमच्या लोकाईले बिबा उतत नसन. तुमची कातडी उन्हातान्हातली. आमच्यावानी नाजूक थोडीच असते?"

"माह्यं तोंड सुजलं होतं, तवा तुमी पाहाले नवते, बापा," चतुराबाई म्हणाली.

मोरोपंतांनी घाईघाईने "त्वचारोग" खोडलं. "झालं बाई. बिब्याने उतलं असं लिहितो. नोकरीला धक्का नाही. आता विषय संपवा."

"संपवू नका. ह्यांनी जे म्हटलं तेही लिहा."

"अहो, असं काही लिहितात का?"

"मग मी लिहिते."

तिने टाक आणि रिपोर्टाचा कागद ओढून घेतला. बोटं वळत नव्हती. एक फोड फुटला आणि कागदाचा कोपरा ओला झाला. तरी तिने शब्द न् शब्द उतरवला: तुमच्या लोकांना बिबा उतत नसेल असं वाटलं, म्हणून सांगितलं नाही. खाली जागा सोडली आणि कागद बंडू मास्तरपुढे सरकवला.

"असंच बोललात ना? करा सही."

मोरोपंत डोळ्यांनी त्याला नको नको म्हणत होते. बंडू मास्तरने चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात चुकीचं असं त्याला काहीच दिसलं नाही. त्याने वळणदार अक्षरात सही केली.