टोकाच्या घराचं पाणी

गल्लीत तिला सगळे टेलरकाकू म्हणत. खिडकीशी पायमशीन, गळ्यात टेप. माप घेताना तोंडात टाचण्या असल्यामुळे ती गप्प असायची, म्हणून बायका तिच्यापाशी मनातलं सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या.

त्या दिवशी टोकाच्या वहिनी आल्या. गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं, म्हणून हे नाव. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे रोजचा धुण्याचा डोंगर. टेलरकाकूने खांद्यांवर टेप धरला आणि ती थबकली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच उतरला होता. मागच्या वेळी तसा नव्हता. टाचण्या काढून तिने विचारलं, एवढं काय उचलता?

वहिनी हसल्या. नळ केव्हाच रुसलाय, म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून बादल्या आणते. सुरात तक्रार नव्हती. तेच काकूला जास्त लागलं.

कारण तिला ठाऊक होतं. पाणी सुटलं की घरोघरी ते ओढायला नळाला मोटर लागायची. पहिल्याने लावली म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने लावली म्हणून काकूच्या घरानेही. टोकाला पोचायची ती नुसती हवा.

संध्याकाळी जेवताना तिने मोटर काढायची गोष्ट काढली. नवऱ्याने शांतपणे समजावलं, की आपण सोडलेलं पाणी शेजारी ओढतील, वहिनींना थेंबही मिळायचा नाही. सासूबाईंनी पुस्ती जोडली, "तू एकटीने मोटर काढलीस म्हणून काय तिच्या नळाला पूर येणार आहे?"

"नाही येणार, आत्या. पण त्यांचा खांदा कुणी उतरवला असं विचारलं, तर 'सगळ्यांनी' म्हणताना आपलं घर कसं वगळू?"

सकाळी नवऱ्याने स्वतःच मोटरची वायर काढली, आणि धुसफुसत बजावलं की पाणी मात्र तूच आणायचंस.

झालंही तसंच. नळाला करंगळीएवढी धार आली, गुरगुरली, थांबली. शेजारी मोटरींची घरघर चालूच. काकू बादली घेऊन कोपऱ्यावर गेली, तर वहिनी तिथेच. मोटर काढल्याचं काकूने त्यांना सांगितलं. वहिनी म्हणाल्या,

"वेडी आहेस. तुझ्या जागी मी असते, तर मीही लावलीच असती."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याजवळ चूक कबूल करायला जड जात नाही."

वहिनींची बादली भरली. त्या सवयीने वाकल्या, तोच काकूने कडी धरली. वहिनींनी ओढून पाहिलं, पाणी दोघींच्या पायांवर सांडलं, मग त्यांनी हात सोडला. स्वतःची रिकामी बादली नळाखाली ठेवून काकू ती भरलेली बादली घेऊन टोकाकडे निघाली. दर दारामागे मोटर घुमत होती. वाटेत तिचं घर आलं. ती थांबली नाही.