महाजनभाऊंचा अपूर्णविराम

दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला, नव्या चोपड्यांच्या मुहूर्तावर, मी शेठचा 'श्री' चुकीचा ठरवला. तोही संगणकाकरवी. असला पराक्रम दुसऱ्या कुणाला जमला नसता.

सचिन गावातल्या साड्या छापणाऱ्या मिलमध्ये आम्ही दोघं प्रोग्रॅमर: मी आणि अमळनेरचे महाजनभाऊ. भर मे महिन्यात मफलर बांधून बसणारा हा एकच माणूस मी पाहिला. "एसी मशीनसाठी आहे, भो. आपण त्याचे पाहुणे," म्हणायचे.

प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे मीटर, रंग, लॉट टाइप करावं लागे. त्यातला आकडा कुठला आणि शब्द कुठला, हे आम्ही प्रोग्रॅमच्या भलत्याच कोपऱ्यात, एकेका अक्षराच्या माळेत लिहून ठेवायचो. मध्येच एक गोष्ट वाढली की माळ सरकायची आणि प्रोग्रॅम रंगाच्या जागी मीटर मागायचा. भाऊंनी नवी पद्धत काढली. नाव, अपूर्णविराम, प्रकार. मीटर:आकडा. रंग:शब्द. "माणसाचं आडनाव कुणी शेजाऱ्याच्या घरात ठेवतं का?"

मिलच्या शेठला पसंत पडली तर भाऊ नोकरीत कायम होणार होते, बायको-मुलींना जवळच उधन्याला घेतलेल्या खोलीवर आणणार होते. शेगडी घेऊनही झाली होती.

चुका दाखवणारी वाक्यं लिहायचं काम माझं. भाऊ म्हणाले, "आकड्याच्या जागी शब्द आला तर चूक म्हणू नको. 'हे काय दिलंत?' असं विचार. समोर माणूस अस्तो." मला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. मी ठणकावून लिहिलं.

मुहूर्ताला शेठ स्वतः बसले. नव्या चोपडीत घालतात तसा त्यांनी मीटरच्या जागी, आकड्याच्याही आधी, भक्तिभावाने 'श्री' घातला. पडद्यावर इंग्रजीत उमटलं: श्री चूक आहे, आकडा द्या.

"आ शुं? श्री खोटुं?" शेठ ताडकन उठले. "कोणे लख्युं आ?"

ते लिहिणारा मी माझ्या पायांचे अंगठे पाहत होतो.

"पद्धत माझी आहे, शेठ," भाऊ म्हणाले.

पद्धत त्यांचीच होती. वाक्य माझं होतं. जुनी माळ परत आली, भाऊंना नोकरीतून रामराम मिळाला, आणि माळ सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मी कायम झालो.

भुसावळच्या गाडीवर त्यांना पोचवायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "भाऊ, ते वाक्य मी एका मिनिटात बदललं असतं."

भाऊंनी मफलर सोडला, घडी घातली.

"तुझं वाक्य तुझ्यापेक्षा बरं, भो. शेठच्या तोंडावर बोललं तरी."