विम्याचे साहेब आले आणि आईने मशीन झाकलं

मंडळी, आज दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून इथे लिहितोय.

आमचे अण्णा सातपूरच्या कारखान्यात होते. फुप्फुसं गेली, आता घरीच मशीनवर ऑक्सिजन घेतात. मशीन सरकारी विम्यातून मिळालंय. ते खरंच वापरतात का, हे बघायला आज साहेब येणार होते.

पाहुणा येणार म्हटल्यावर आईने अण्णांची दाढी करवली, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि मशीन कोपऱ्यात ढकलून त्यावर क्रोशाचं कापड टाकलं. वर फुलदाणी!

मी कामावरून पोचलो तेव्हा साहेब पोहे खात होते.

"काका तर ठणठणीत दिसतात."

"देवाची कृपा," आई म्हणाली.

मी घाईघाईने कापड काढून मशीन अण्णांना लावलं. साहेब हसले. "मला बघून लावलंत होय?"

पोहे दोनदा मागून घेतले, पण कागदावर लिहिलं ते हाताआड. काय लिहिलं असेल? आणि इतकं गोड का बोलत होते?

ते गेल्यावर अर्धा तास अण्णांना धापेमुळे बोलता येत नव्हतं.

साहेब पुन्हा येणार आहेत. आई विचारतेय, "तेव्हा ह्यांची दाढी करू की नको?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?