आतली कडी

रंभा गाते, ही गोष्ट सरकारदरबारी नोंदलेली आहे. चऱ्होलीतल्या ‘हसरी फुलं’ या निवासी संस्थेच्या तपासणी अहवालात दर वर्षी एक वाक्य असायचं: ‘निवासी महिला आनंदी असून आंघोळ करताना गाणी म्हणतात.’ समितीतली माणसं बदलायची, अहवालाचा कागद बदलायचा, वाक्य मात्र तेच. ते खोटंही नव्हतं. बायका गायच्याच. का गातात, असं कुणी विचारलं नाही, कारण आपल्याकडे दुःखाचं कारण विचारतात, आनंदाचं विचारणं बरं दिसत नाही.

कारण साधं होतं. संस्थेतल्या बायकांच्या बाथरूमना आतून कडी नव्हती. बाहेरून होती, चांगली पितळी. कुणी फार आरडाओरडा केला तर तिचा उपयोग व्हायचा. आतल्या कड्या फार पूर्वी काढून टाकल्या होत्या, ‘सुरक्षेसाठी’. तेव्हापासून आत असलेल्या बाईने आवाज करत राहायचं, असा रिवाज पडला. आवाज थांबला की बाहेरून दार उघडायचं. कस्तुरा नुसतंच ‘आहे, आहे, आहे’ म्हणत राहायची. रंभाला संस्थेसमोरून फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यावरची जाहिरात पाठ होती. अंगावर पहिला तांब्या ओतला की ती चालीत सुरू करायची, ‘टू बीएचके, टू बीएचके, ताबा लगेच, बुकिंग चालू!’ साबण डोळ्यात गेला तरी बुकिंग चालूच ठेवावं लागायचं. जरा दम घेतला की मजल्यावरची मदतनीस दिपाली दार उघडून डोकावायची. दिपाली वाईट नव्हती. सगळ्या मजल्यावर ती एकटी आणि सगळ्यांना सकाळ एकच. त्यात तिच्यामागून पाण्याचा टँकरवाला नाहीतर इस्त्रीचे कपडे आणणारा उभा असला, तर तो त्याचा योगायोग.

रंभाने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. वडील लातूरकडून येऊन भोसरीला कंपनीत लागले, थेरगावात खोली घेतली आणि तिथे ही झाली. डॉक्टर म्हणाले, मुलगी हळू शिकेल. ती हळूच शिकली. कपाळाला टिकली नीट मध्यावर लावायला शिकली, आपलं नाव लिहायला शिकली, आणि ‘हो’ म्हणायला शिकली, कारण ‘हो’ म्हटलं की लोक लवकर जातात. थेरगावच्या खोलीत मोरीला दार नव्हतं, पडदा होता. रंभा आंघोळीला बसली की आई पडद्याकडे पाठ करून निवडायला ताट घेऊन बसायची. कुणी आलं तर म्हणायची, “थांबा तिकडं. दाराला मी आहे.” आई होती तोवर रंभाला कडीची गरज पडली नाही.

आई गेल्यावर भाऊ नवनाथ तिला चऱ्होलीत सोडून गेला. नवनाथही वाईट नव्हता. चाकणला तीन शिफ्टची नोकरी, घरात एक खोली अन् माणसं पाच. तो भाऊबीजेला यायचा, साडी आणायचा, आणि जाताना दर वर्षी म्हणायचा, “इथं तुला काही कमी नाही ना गं?” रंभा शिकलेली असल्यामुळे ‘हो’ म्हणायची आणि नवनाथ समाधानाने बसमध्ये चढायचा.

संस्था सुभद्राबाईंची. गावातलं जुनं घराणं, बाकीची जमीन बिल्डरला गेली, ओढ्याकडचा तुकडा उरला, त्यावर ही सेवा उभी राहिली. सेवा खरी होती. बाई पहाटे उठून भाजी स्वतः बघायच्या. फक्त त्यांचं कुणी तपासावं हे त्यांना रुचत नसे, आणि पूर्वी तशी वेळही येत नसे. तपासणी समितीत संस्थाचालकच असायचे. सुभद्राबाई आळंदी रस्त्यावरची संस्था तपासायच्या, त्या संस्थेचे सर ही संस्था तपासायचे. दोघांनाही एकमेकांचं काम उत्कृष्ट आढळायचं. तपासणीच्या दिवशी दारात औक्षण, मग पोहे, मग फेरी, मग शाल-श्रीफळ. औक्षण आणि शाल रंभाकडे, कारण ती हसते आणि ताट तिरकं होऊ देत नाही.

मग नियम बदलले. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात काहीतरी बाहेर आलं होतं, पेपरात चार दिवस गाजलं, आणि सरकारने समितीतून संस्थाचालक काढले. वर असं ठरलं, की प्रत्येक समितीवर संस्थेत राहणारी एक व्यक्ती सदस्य असेल, आणि तिची सहमती नसेल तर अहवाल पुढे जाणार नाही. सुभद्राबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि नाव सुचवलं: रंभा. जिने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, तिच्याइतकी योग्य सदस्य कुठून मिळणार?

सदस्यांचं प्रशिक्षण चिंचवडला एका ऑफिसात झालं. मारुतरावांनी गाडीतून नेलं. मारुतराव संस्थेचे ड्रायव्हर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गणपतीत मूर्तिकारही. प्रशिक्षण देणाऱ्या पोरीने सगळ्यांना एकच गोष्ट तीन वेळा म्हणायला लावली, “मला पटलं नाही तर मी नाही म्हणेन.” रंभाने तीनही वेळा म्हटलं. हसत म्हटलं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

चहानंतर ती ऑफिसच्या बाथरूमला गेली आणि सवयीने सुरू केलं, “टू बीएचके, टू बीएच...” तिथे तिला कडी दिसली. आत. ती लावली. मग थांबून राहिली. बाहेरून कुणी दार ढकललं, ते उघडलं नाही. रंभा गप्प बसली आणि गप्प बसूनही दार उघडलं नाही. बाहेर रांग लागली, एकीने थाप मारली, प्रशिक्षण अडलं. शेवटी मारुतराव आले. “रंभाताई, बरं हाय ना?”

“बरंय,” आतून आवाज आला. “लई बरंय.”

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, “मारुतराव, आपल्याला कडी पाहिजे.”

“बाईंना सांग.”

तिने सांगितलं. सुभद्राबाई म्हणाल्या, “बघू.” दुसऱ्या दिवशीही बघू. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “तुझं काय हे कडी कडी? कस्तुराला फीट येते. आत पडली, डोकं फुटलं, तर पोलिसांना काय मी तुझी कडी दाखवू?”

“कस्तुराला येते. मला येत नाही.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

रंभाने संस्थेच्या ऑफिसातल्या बाथरूमकडे बघितलं, जिथे सुभद्राबाई आणि पाहुणे जात. त्याला आत कडी होती. पण हा मुद्दा तिला त्या वेळी बोलता आला नाही. मुद्दे तिला उशिरा यायचे. एकदा आले की मात्र जायचे नाहीत.

नव्या समितीची तपासणी आली. आदल्या दिवशी फिनेल, रांगोळी, सगळ्यांना इस्त्रीचे पंजाबी ड्रेस. समितीच्या अध्यक्षा तनुजा मॅडम, निवृत्त अधिकारी, स्वभावाने सरळ, वाहतुकीमुळे दमलेल्या. सोबत फाइल घेतलेले तरुण सचिव. रंभाने दारात औक्षण केलं, ताट ठेवलं, आणि आत जाऊन मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. सुभद्राबाई हसून म्हणाल्या, “ही आमची रंभा, सदस्यपण आहे हां.” जशी एखादी म्हणते, आमचं मांजर पेपरपण वाचतं.

पोहे झाले. मॅडमनी हळूच विचारलं, “वॉशरूम कुठे?”

सुभद्राबाई ऑफिसच्या दिशेने हात करणार, तोच रंभा उठली. “मी दाखवते. पाहुण्यांचं माझ्याकडं असतं.” हे खरंच होतं. कुणाला काही बोलता येईना. रंभाने मॅडमना लांबच्या बोळात नेलं, बायकांच्या बाथरूमचं दार उघडलं आणि म्हणाली, “जा.”

मॅडम आत गेल्या. दाराच्या आतल्या बाजूला हात फिरल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा, खालच्या बाजूला.

“रंभा, याला कडी...?”

“नाही.”

“बरं. तू आहेस ना बाहेर?”

“आहे. पण मी दार धरणार नाही. इथं कुणी धरत नाही.”

बोळाच्या टोकाला टँकरवाल्याच्या चपला वाजल्या. मॅडम खाकरल्या. पुन्हा खाकरल्या. मग, चांगला सुरेल नसला तरी बराच मोठा, गणपतीच्या आरतीचा आवाज सुरू झाला आणि पाणी पडायचं थांबेपर्यंत थांबला नाही.

बाहेर आल्यावर मॅडमनी रंभाकडे बघितलं नाही.

हॉलमध्ये सचिवांनी मसुदा वाचायला घेतला. मागच्या वर्षीचाच होता, तारखा बदललेल्या. वेळ वाचतो. वाचता वाचता ते त्या वाक्यावर आले. ‘निवासी महिला आनंदी असून आंघोळ करताना...’

“नाही,” रंभा म्हणाली.

सचिवांनी ओळीवर बोट ठेवून मान वर केली.

“काय नाही, ताई?” सचिवांनी विचारलं.

“आनंदी म्हणून नाही गात. कडी नाही म्हणून गातो. आवाज बंद केला की दार उघडतात.”

सुभद्राबाई हसल्या. “तिच्या डोक्यात एक खूळ बसलंय, मॅडम. यांचं असतं असं. तुम्ही वाचा पुढं.”

“मॅडमला विचारा,” रंभा म्हणाली. “मॅडम पण आत आरती म्हणत होत्या. आनंदी होत्या का विचारा.”

सचिवांनी नाइलाजाने मॅडमकडे बघितलं. तनुजा मॅडम बराच वेळ फाइलचा बंद सोडत आणि बांधत राहिल्या. त्यांनी नोकरीत भल्याभल्यांना उत्तरं दिली होती.

“नव्हते,” त्या म्हणाल्या. “वाक्य काढा.”

वाक्य निघालं. मग मॅडम नेहमीच्या सुरात आल्या, “कडीचा विषय आपण पुढच्या बैठकीत घेऊ. सुरक्षेच्या बाजूचाही विचार...”

“मला पटलं नाही,” रंभा म्हणाली. “मी नाही म्हणते.”

“म्हणजे अहवालाला?”

“सगळ्याला.”

सुभद्राबाईंनी प्रसंग ओळखून घाईने सत्कार पुकारला. सत्कार झाला की माणसं उठतात, आणि माणसं उठली की विषय मरतो. पण शाल रंभाच्या हातात होती. तिने ती घडी घालून मांडीवर ठेवली, त्यावर नारळ ठेवला, नारळावर दोन्ही हात ठेवले, आणि बसून राहिली. मॅडम अर्धवट उठलेल्या, पुन्हा टेकल्या. सत्काराशिवाय पाहुण्यांना कसं घालवायचं, हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

समितीसमोर सांभाळलेली सुभद्राबाईंची भाषा सुटली. “अगं दे की ती शाल! जनाची न्हाई तर मनाची तरी! आमी तुला इतकी वर्षं सांभाळली ती यासाठी व्हय?”

“कडी लावा. मग देते.”

“आन् कस्तुरा आत पडली म्हंजी?”

रंभाने थोडा वेळ घेतला. मुद्दा यायला उशीर लागत होता. सगळे थांबले, त्यांना दुसरा इलाजही नव्हता. भिंतीजवळ बसलेली कस्तुरा पुटपुटत होती, आहे, आहे.

“कस्तुरा जाईल तेव्हा ती कडी लावणार नाही,” रंभा म्हणाली. “मी बाहेर बसीन. पाठ करून. कुणाला येऊ देणार नाही. पण माझ्या वेळेला कडी. आणि तुमच्या बाथरूमला आत कडी आहे. तुमचं डोकं फुटत नाही का?”

हे शेवटचं वाक्य नक्की कितव्या दिवशीचं होतं कुणास ठाऊक, पण पोचलं.

तनुजा मॅडम म्हणाल्या, “सुभद्राबाई, कडी आजच बसवता येईल का?”

“आता कुठं आणायची कडी? बाजार काय...”

“काढलेल्या हायेत की,” दारातून मारुतराव म्हणाले. “स्टोअरात, डब्यात. तुमीच म्हणला व्हता टाकू नको, कामाला येत्यात.”

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा ड्रायव्हर असता तर नोकरी सोडून गेला असता. मारुतराव डबा घेऊन आले. जुनी भोकं पुट्टीने बुजवून वर रंग दिला होता. त्यांनी नखाने टकटक करून ती शोधली. समिती बोळात उभी राहून बघत होती, जशी लोकं जेसीबी बघतात. चार स्क्रू बसले. मारुतरावांनी कडी दोनदा सरकवून पाहिली, गंजली होती म्हणून थेंबभर तेल सोडलं, आणि बाजूला झाले.

“दे आता शाल,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“बघून येते,” रंभा म्हणाली आणि शाल-नारळासकट आत गेली.

कडी लागल्याचा आवाज आला. नंतर काहीच नाही. ना पाणी, ना टू बीएचके. दिपालीचा हात सवयीने दाराकडे गेला, तिने ढकललं, दार हललं नाही, आणि तिने हात असा मागे घेतला जसा तव्याला लागला. सचिवांनी घड्याळ बघितलं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि, कुणाला काही वाटलं तर वाटो, त्यांना घाई दिसत नव्हती.

सुभद्राबाईंनी थाप मारली. “रंभा! आहेस ना?”

उत्तर नाही.

“अगं बोल की! काय करतीयस आत?”

“काही नाही.”

“मग बाहेर ये. पाव्हणे थांबल्यात.”

“थांबू दे,” रंभा म्हणाली.