इथपर्यंत

अमेरिकेत, युटातल्या दऱ्यांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर माझ्यापुढे एक धुळीने लाल झालेली जुनी जीप उभी होती. मी वैतागून ओरडलो, "काय यार, कोण मधेच थांबलंय!"

दगडांतून चालत येणाऱ्या एक बाई मराठीतच म्हणाल्या, "मी."

साठी उलटलेल्या, पायात ट्रेकिंगचे बूट, हात पाठीमागे बांधलेले. नाव मी विचारलंच नाही. काकू म्हटलं की आपलं भागतं.

पुढे रस्ता तुटून पायऱ्यांसारखा खाली गेला होता. काकू तो आधी पायी बघत होत्या. एकेका दगडावर टाच दाबायच्या, तो हलतो का पाहायच्या, पुन्हा मागे यायच्या. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. सनीव्हेल शहरातून चौदा तास ड्राइव्ह करून आलो होतो, उजेड आहे तोवर टोकाचा पॉइंट गाठायचा होता.

शेवटी त्यांनी डबा उघडला, न विचारता माझ्या हातावर भडंग ओतलं आणि म्हणाल्या, "आज नको. मी फिरते मागे."

"टोक न बघताच?"

"कधीच नाही बघितलं. ही पाचवी खेप."

"मग येता कशाला, काकू?"

"इथपर्यंत यायला."

त्यांनी जीप बाजूला घेऊन मला वाट दिली. माझी भाड्याची गाडी खालून दोनदा घासली, पण मी टोकाला पोचलो. फोटो काढला. पाच मिनिटांत पुढचं ठिकाण शोधायला लागलो. बोटं भडंगाने तेलकट झालेली. समोर अख्ख्या दरीत ऊन उतरत होतं, आणि मी शर्टाला स्क्रीन पुसत होतो.