तीन देशांना ऐकू गेलेली हाक

माझे सासरे जकात नाक्यावर निरीक्षक होते. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांच्या शहरातली जकातच रद्द झाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती खोडून काढण्याचं धाडस घरात कुणी केलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात ते सासूबाईंसह आमच्याकडे जर्मनीत, बॉनला आले, तेव्हा त्यांना ना राइन नदीत रस होता ना चॉकलेटमध्ये. त्यांना सरहद्द बघायची होती.

"तीन देश एका जागी भेटतात आणि गाडी अडवायला एक माणूस नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय," ते म्हणाले. "कुठेतरी झाडामागे बसलेला असणारच."

सासूबाईंना हे मुळीच नको होतं. समुद्रात चुकून हद्द ओलांडलेल्या आणि पलीकडच्या तुरुंगात अडकलेल्या मच्छीमारांच्या बातम्या त्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या होत्या. इथे तसं नसतं, हे मी तीन वेळा सांगितलं. त्यांनी तीन वेळा मान डोलावली आणि दोघांचे पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून माझ्या स्वाधीन केली. "तुमच्याकडेच ठेवा, जावईबापू. यांच्याकडे नको. हे कुठेही ठेवतात, मग मला विचारतात."

बायकोला त्या शनिवारी प्रयोगशाळेत जायचं होतं. दारातून ती म्हणाली, "दोघांना घेऊन जातोयस, दोघांना घेऊन ये." मला तो विनोद वाटला.

एवढ्या लांब जातोच आहोत तर वाटेत आणखी काही बघू, या आपल्या राष्ट्रीय तत्त्वानुसार मी आधी गाडी उलट्या दिशेला नेली. तिथे दोन नद्यांच्या संगमावर एक सम्राट घोड्यावर बसला आहे. पुतळा इतका उंच आहे की खालून प्रामुख्याने घोड्याचं पोटच दिसतं.

"यांनी काय केलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"देश एक केला म्हणतात. पुतळा नातवानं उभारला. मग लढाईत पुतळा पडला. बरीच वर्षं नुसता चौथरा होता. अलीकडे पुन्हा बसवला."

"नुसत्या चौथऱ्यानं कुणाचं काही अडलं होतं का?"

"तसं ऐकिवात नाही."

घोड्याचा कोणता पाय वर आहे त्यावरून स्वार कसा मेला हे कळतं, असं सासऱ्यांनी मला समजावलं. पुढचा एक पाय वर असेल तर जखमा होऊन. हा सम्राट म्हातारा होऊन अंथरुणात गेला, असं मी म्हणालो. त्यांनी घोड्याकडे निरखून पाहिलं. "मग घोडा चुकलाय," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले.

दुसरं ठिकाण वन्यप्राण्यांचं उद्यान. लांडग्यांच्या कुंपणाबाहेर लांडग्याविषयी सविस्तर फलक होता, लांडगा नव्हता. रानडुकरं झोपली होती. हरणं मात्र खाद्याच्या यंत्रापाशी रांगेत उभी होती आणि नाणं पडल्याचा आवाज आला की एकदम माना वळवत होती. "हे वन्य?" सासरे म्हणाले. "यांना पेन्शन तेवढी लागू व्हायचीय." सासूबाईंनी एका म्हाताऱ्या हरणीला दाणे भरवले आणि पुढे घुसणाऱ्या नराला "तू थांब रे मेल्या" म्हणून दटावलं. तो थांबला. मी जर्मनीत इतकी वर्षं आहे, माझ्या सांगण्यावरून कुणी थांबल्याचं आठवत नाही.

सरहद्दीवर पोचेपर्यंत चार वाजून गेले. टेकडीवर गाड्यांचा तळ, उपाहारगृहं, मनोरा, उंच हिरव्या कुंपणांचा एक भुलभुलैया, आणि या जत्रेच्या मधोमध कंबरेएवढा एक दगड. जर्मनी, बेल्जियम आणि हॉलंड तिथे भेटतात. लोक दगडाला मिठी मारून फोटो काढत होते. सासरे दगडाभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले. एक पाय जर्मनीत, एक बेल्जियममध्ये ठेवून ते उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की हॉलंड उरतो.

"हात टेका," सासूबाई म्हणाल्या.

"हात टेकून उभं राहायला मी काय वाकलोय?" ते चिडून म्हणाले. त्यांचं चित्त दगडात नव्हतंच. ते झाडांच्या मागे बघत होते.

सासूबाईंना घेऊन मी चहा आणायला गेलो. कपात गरम पाणी आणि बाहेर लोंबणारी दोरी, एवढ्यालाच इथे चहा म्हणतात, हे त्यांना समजावून परत आलो तर दगडापाशी सासरे नव्हते.

"गेले पलीकडे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे पासपोर्ट आणि हे पलीकडे!"

"आई, पलीकडे म्हणजे पार्किंग आहे."

"कुणाचं पार्किंग?"

मी सासऱ्यांना फोन लावला. बॅटरी वाचावी म्हणून तो ते नेहमीप्रमाणे बंद ठेवून हिंडत होते. मनोरा पाहिला, उपाहारगृहं पाहिली, आणि मान्य करतो, एका उभ्या ट्रकच्या खालीही पाहिलं. अर्धा तास गेला. बायकोचं दारातलं वाक्य मला आता विनोदी वाटेनासं झालं. सासूबाई दोन्ही हातांत चहाचे दोन कप धरून दगडाशेजारी उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

भुलभुलैयाच्या फाटकाशी लाकडी मचाण होतं. आत चुकलेल्यांना बाहेर काढायला एक बाई त्यावर माइक घेऊन उभी असे. वर चढून तिला मी अडचण सांगितली. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं ती म्हणाली, "नाव?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. तिनं ते अतिशय आदरानं, प्रत्येक अक्षराचा सावकाश जीव घेत, लाउडस्पीकरवरून उच्चारलं. ते ऐकून खुद्द सासऱ्यांच्या वडिलांनीही ओ दिली नसती.

"द्या इकडे," सासूबाई मचाणावर चढून आल्या. चहाचे कप त्यांनी माझ्या हातात दिले, माइक त्या बाईच्या हातातून घेतला आणि पूर्ण घशानं हाक मारली:

"अहोऽऽ!"

टेकडीवरचे निम्मे लोक वर बघू लागले. मिनिटाभरात उपाहारगृहाच्या बाजूनं एक गृहस्थ धापा टाकत आले. डोक्याला कानटोपी, पायात मुलानं घेतलेले पांढरेशुभ्र बूट. "मी इथेच होतो हो," ते वर न बघताच म्हणाले. पाठोपाठ मनोऱ्याकडून दुसरे आले. तशीच कानटोपी, तसेच बूट, आणि पाठीमागे लपवलेला हात. त्यातून आइस्क्रीम ठिबकत होतं. "एकच चमचा खाल्ला," त्यांनी घाईनं सांगितलं.

एक मुलाकडे स्टुटगार्टला आलेले होते, दुसरे मुलीकडे डार्मश्टाटला. आपली बायको मचाणावर नाही हे कळल्यावर दोघांनाही जो आनंद झाला, तो मी अजून विसरलेलो नाही.

"वहिनी, तुमचे दिसतात कसे?" आइस्क्रीमवाल्यांनी विचारलं.

सासूबाईंनी दोघांच्या टोप्यांकडे आणि बुटांकडे पाहिलं. "असेच," त्या म्हणाल्या.

"मग नावानंच हाक मारा. नाहीतर आणखी येतील."

सासूबाईंनी माइक खाली केला. लग्नात घास भरवताना घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर त्यांनी ते नाव घेतल्याचं माझ्या बायकोनंही कधी ऐकलेलं नाही. बँकेतसुद्धा त्या पासबुक पुढे सरकवून "हे" एवढंच म्हणत. खाली दोन अनोळखी गृहस्थ, शेजारी परकी बाई, समोर जावई. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, डोळे मिटले, आणि कोर्टातला पट्टेवाला पुकारा करतो तसं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही एका दमात घेतलं.

"हजर!" अगदी पायाखालून आवाज आला.

सासरे मचाणापासून दहा पावलांवर, कुंपणांच्या आत होते.

"तिथे काय करताय?" सासूबाई माइकमध्येच ओरडल्या.

"लोक आत जात होते आणि बाहेर कुणी येत नव्हतं. म्हटलं, नाका इथेच असणार! फाटकावर तिकीटसुद्धा कुणी मागितलं नाही. काय कारभार!"

"मग हाक ऐकू आली नाही?"

"आली की. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची बायको आहे." थोडं थांबून आवाज पुढे म्हणाला, "आणि पहिल्या हाकेला मी घरी तरी येतो का?"

"खरं आहे," स्टुटगार्टवाले पुटपुटले.

मचाणावरच्या बाईनं वाट बोटानं दाखवायची, मी ती मराठीत सांगायची आणि सासूबाईंनी ती लाउडस्पीकरवरून जाहीर करायची, अशी व्यवस्था झाली. "डावीकडे वळा. अहो, डावीकडे! घड्याळाचा हात!" "इकडे भिंत आहे!" "भिंत नाही, झाड आहे. त्याच्या पुढे!" "मला सांगू नकोस, मी आत आहे!" "म्हणूनच सांगतेय!" तरीही ते एका वळणावर स्वतःच्या मतानं गेले आणि जिथून निघाले तिथे परत आले. त्यानंतर मात्र त्यांनी एकही शब्द न बोलता सगळी वळणं सासूबाईंच्या सांगण्यावरून घेतली. ते फाटकातून बाहेर पडले तेव्हा दोन्ही कानटोप्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तीन देशांत बोभाटा केलास माझा," सासरे म्हणाले.

"पासपोर्टशिवाय फिरता, वर तोंड करता," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातला गार झालेला चहा त्यांना दिला. दोरीसकट सगळा चहा ते निमूटपणे प्यायले.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून सासऱ्यांचा हलका आवाज आला.

"अगदी स्पष्ट घेतलंस. वडिलांच्या नावासकट. सराव होता वाटतं?"

आरशात मला सासूबाई दिसल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि कानांपर्यंत लाल झाल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "काच वर करा. वारा येतोय."

काच आधीच वर होती. सासऱ्यांनी ती थोडी खाली केली आणि पुन्हा वर केली.